ड्रमच्या तोंडाशी ठेवलेले बूट

१

ऐका, मधे कुणी बोलू नका हं. अजूनही सांगायला घेतलं की माझे हात गार पडतात, एकदा तुटलं तर परत जुळायचं नाही.

मंगळवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. बाहेर उणे एक्केचाळीस. मी वीजघराच्या लॅबमध्ये कपात दूध ओतत होते, आणि शिट्टी आली. स्फोट नाही, शिट्टी. इतकी मोठी की कानाला ऐकूच येईना, दातांना यायला लागली. कपातलं दूध थरथरत होतं आणि मी त्याच्याकडे बघत उभी, मूर्खासारखी.

मग कुणीतरी ओरडलं, "तीन नंबर! तीन नंबर गेला!"

तीन नंबरचा बॉयलर. पॅनेलवर कोण होतं? माझे वडील. माझे आके.

मी धावले. बॉयलर हॉलमध्ये पांढरं धुकं, काही दिसेना. आतली नळी फुटली होती, आणि वाफ भट्टीच्या बघायच्या दारातून बाहेर आली होती. त्या दारासमोर बेइबित उभा होता. पंखे, पंप तपासत फेरी मारायची ड्यूटी त्याची. एकोणतीस वर्षांचा. आदल्याच दिवशी माझी टोपी लपवून म्हणाला होता, "लॅबवाल्यांना कशाला टोपी, डोक्यात सगळं गरम पाणीच!" त्याला बाहेर काढला तेव्हा तो गेलेलाच होता.

आकेंनी चार सेकंदांत भट्टीत जाणारा कोळसा बंद केला होता. नाहीतर आणखी माणसं गेली असती. पण दुपारपर्यंत फलकावर कागद लागला. खाली सही मार्लेनची, म्हणजे आमच्या बॉयलर विभागाच्या प्रमुखाची. त्यात एकच वाक्य होतं: ऑपरेटरनं ड्रममधलं पाणी संपू दिलं.

तुम्हाला हे साधं वाटेल. आमच्या तासओझेन गावात ऑपरेटरला यापेक्षा वाईट काही म्हणता येत नाही. खुनी म्हटलेलं परवडलं. आणि माणूस मेलाय, म्हणजे कोर्ट, म्हणजे तुरुंग, सात वर्षं तरी. आके एकोणसाठचे आहेत.

घरी आल्यावर ते स्वयंपाकघरात कोट घालूनच बसले. रेडिएटर कोमट सुद्धा नव्हता, अख्खं गाव एका चार नंबरच्या बॉयलरवर कुडकुडत होतं.

"तोगझान," ते म्हणाले, "काचेत पाणी होतं. मी पाहिलं. अर्धी काच."

"माहितीय, आके." बॉयलरच्या वरच्या टाकीत, म्हणजे ड्रममध्ये, पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं.

थोड्या वेळानं परत. "अर्धी काच होती."

आणि तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझ्याकडे बघून विचारलं, "होती ना गं?"

बाई गं! त्या 'ना'नं माझी झोप उडवली. एकतीस वर्षं पाणी बघणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होता.

२

बुधवारी सरकारी इन्स्पेक्टर आल्या. मला वाटलं, कोणीतरी धिप्पाड फरची टोपीवाला असेल. आल्या रिम्मा बोरिसोव्ना खेगाय. आमच्याच देशात वाढलेल्या कोरियन वंशाच्या, साठीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. हातात डबा, डब्यात तिखट गाजराची कोशिंबीर. ती खातखातच त्यांनी बंद पडलेला बॉयलर बघितला. लॅबमधून मदतीला त्यांनी मला मागितलं.

मार्लेन लगेच म्हणाला, "ही आरोपीची मुलगी आहे."

"मग ती माझ्याशी खोटं बोलली तर मला लगेच कळेल," रिम्मा बोरिसोव्ना म्हणाल्या. "बाकीच्यांचं कळायला वेळ लागेल."

आम्ही भट्टीत शिरलो. चारही बाजूंना नळ्यांच्या भिंती, शेजारी शेजारी, बासऱ्या उभ्या ठेवाव्यात तशा. उजव्या भिंतीतल्या पाच नळ्या फुगल्या होत्या, एक माशाच्या तोंडासारखी फाटलेली. याच फटीतून आलेल्या वाफेनं बेइबित गेला.

"सांग," त्या म्हणाल्या, "हा बॉयलर चालतो कसा? मी तुझी आजी आहे असं समज."

मी सांगितलं. वर, अगदी छपराखाली, ड्रम आहे. बारा मीटर लांब, माणूस वाकून उभा राहील एवढा गोल, आडवा टांगलेला. त्यात अर्धं पाणी, वर अर्धी वाफ. ड्रमच्या पोटातून बारा जाड नळ्या आगीच्या बाहेरून खाली येतात. त्या उतरत्या. ड्रममधलं जड पाणी त्यांतून आपोआप खाली उतरतं आणि भिंतींच्या नळ्यांत शिरतं. तिथे आग. पाणी उकळतं, बुडबुडे होतात, हलकं होऊन वर चढतं आणि परत ड्रममध्ये. ड्रममध्ये वाफ वेगळी होऊन वर निघून जाते, उरलेलं पाणी परत खाली. पंप नाही, काही नाही. नुसतं वजनावर फिरत राहतं.

"आणि फिरायचं थांबलं तर?"

"तर नळी लाल होते आणि फुटते."

"शाबास. आता ड्रममधलं पाणी संपलं असतं तर कुठल्या नळ्या लाल झाल्या असत्या?"

मी बघितलं. डावी भिंत ठीक. मागची ठीक. पुढची ठीक.

"सगळ्या," मी म्हटलं. "सगळ्याच झाल्या असत्या. इथे फक्त पाचच."

"पाच, शेजारशेजारच्या, एकाच उतरत्या नळीवर जगणाऱ्या. म्हणजे ड्रममध्ये पाणी होतं. या पाचजणींपर्यंत ते पोचलं नाही."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण त्यांनी हात वर केला.

"थांब. चौकशी कमिटीनं काल ड्रम उघडून आत दिवा टाकला. बाराही नळ्यांची तोंडं मोकळी होती, मी फोटो पाहिलेत. तोंडं मोकळी, पाणी भरपूर, आणि तरी पाणी उतरलं नाही. हे कोर्टात सांगितलं तर तुझ्या वडिलांना आठ वर्षं देतील. एक माझ्या गोष्टीबद्दल जास्तीचं."

मग त्यांनी घड्याळ बघितलं. "आणि तो मार्लेन उद्या चार वाजता हा बॉयलर परत पेटवणार आहे. नव्या नळ्या जोडून. जे कारण आत आहे ते आतच राहिलं, तर उद्या दारासमोर कोण उभं असेल?"

३

ऑक्टोबरमध्ये दुरुस्तीसाठी ड्रम उघडला होता. 'आत जाऊन स्वतः पाहिलं, स्वच्छ आहे' अशा कागदावर तिघांच्या सह्या. दुलात, गेना, मार्लेन. त्या तिघांशी आम्ही बोललो.

दुलात आगाय, म्हणजे दुलातकाका, दुरुस्तीचे मुकादम, आकेंचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या खोलीत गेलो तर ते माझ्याकडे बघेचनात. त्याचीच मला भीती वाटली.

"ड्रममध्ये काम करताना उतरत्या नळ्यांची तोंडं उघडी ठेवत नाही आम्ही," ते म्हणाले. "एखादा बोल्ट जरी खाली पडला तरी संपलं. म्हणून बारा बुचं असतात. लोखंडी चकती, वर कडी, आणि कडेनं नमदा गुंडाळलेला, घट्ट बसावं म्हणून. माझ्या आईनं लोकर कुटून केलेला नमदा. बारा आत जातात, बारा मोजून बाहेर."

"आणि माणसं? ती कशी मोजता?"

"बुटांनी." पहिल्यांदा ते जरासे हसले. "आत जाताना खिसे रिकामे करायचे, बूट काढायचे. तळाचे खिळे, माती, काही आत नको. बूट तोंडाशी ठेवायचे, टाचा बाहेर. बूट दिसले की झाकणाला हात लावायचा नाही. बूट हलवायचे सुद्धा नाहीत, वाटेत आले तर वळसा घालायचा. माझ्या आधीपासून असंच आहे."

"झाकण लावलं त्या दिवशी तुम्ही होतात?"

त्यांनी मान खाली घातली. "मी आधी आत जाऊन आलो होतो, तेवढ्यावर सही केली. त्या दिवशी आईला जाऊन चाळीस दिवस झाले होते, तिचं चाळिसावं, मी घरी. म्हणालो होतो, मी येईपर्यंत थांबा. थांबले नाहीत. गावाचं हीटिंग सुरू करायची तारीख होती."

वेल्डर गेना वर्कशॉपमध्ये सापडला. तोंडाला कालच्या दारूचा वास.

"आरोपीची मुलगी आली! ये कारिंदाश, बस. आणि या आजीबाई कोण?" कारिंदाश म्हणजे धाकटी बहीण, सगळ्या पोरींना तो असंच म्हणतो.

"आजीबाई तुला आत टाकू शकतात," मी म्हटलं.

"बाप रे. मग चहा देतो." किटली ठेवता ठेवता सांगायला लागला. "हो, बुचं मी काढली. मी आतून देत गेलो, मार्लेन बाहेर तोंडाशी उभा राहून घेत गेला. फोन कानाला. मग म्हणाला, झाली बारा, ये बाहेर. आलो."

"तू मोजलीस?"

"आत दिव्याचा एक ठिपका आणि पाठीत उसण. मोजायला तो होता ना! सगळं मीच करायचं का?" मग हळू म्हणाला, "बेइबितच्या लग्नात मी नाचलो होतो हो."

मार्लेनच्या केबिनमध्ये हीटर होता, गालिचा होता. तीन वर्षांपूर्वी राजधानीच्या ऑफिसातून आला तेव्हापासून त्याच्या बुटांवर मी कोळशाचा एक कण पाहिला नव्हता.

"बारा बुचं गोदामात आहेत, पेटी उघडून बघा," तो म्हणाला. "मी मोजली, मग स्वतः आत शिरून शेवटची नजर टाकली, मग झाकण लावलं. आणखी काय हवं? गावात लहान मुलं गारठतायत, रिम्मा बोरिसोव्ना. मला बॉयलर पेटवायचाय."

पेटी उघडली. एक, दोन, तीन... बारा. बरोबर बारा.

रिम्मा बोरिसोव्नांनी एकेक उचलून वास घेतला, बोट फिरवलं. अकरांचा नमदा तांबूस, गंजाच्या रंगाचा. बाराव्याचा काळा. त्यांनी बोट माझ्या तळहातावर पुसलं. काळा पट्टा उमटला.

"काय आहे?"

"काजळी," मी म्हटलं. "बॉयलर म्हटलं की काजळी आलीच."

"हो का?" त्या म्हणाल्या आणि पेटी बंद केली. एवढंच. आणि मी, लॅबवाली, मला काही कळलं नाही! आता डोकं आपटावंसं वाटतं.

४

गुरुवारी सकाळी त्या माझ्या लॅबची जुनी वही चाळत बसल्या. आम्ही रोज ड्रममधलं पाणी आणि वाफ तपासतो.

"हे काय? अठरा ऑक्टोबर. 'पाण्याला वास.' पुढे खोडलंय."

मला आठवलं. बॉयलर पेटवून तीन दिवस झाले होते. नमुन्याला मेंढीचं डोकं भाजताना येतो तसला वास होता. मी तसंच लिहिलं होतं. गेनानं वाचलं आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ओरडून सांगितलं, "लॅबच्या पोरी बॉयलरमध्ये मेंढी शिजवतात, आम्हाला बोलवत नाहीत!" मी लाजून खोडलं.

"आणखी काय होतं त्या दिवशी?"

"वाफेत मीठ वाढलं होतं. म्हणजे ड्रममध्ये फेस येत होता, फेसाबरोबर पाण्याचे थेंब वाफेत जात होते. तीन-चार दिवसांत आपोआप थांबलं."

"वास भाजलेल्या लोकरीचा. फेस साबणाचा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही बॉयलरच्या पाण्यात काय घालता?"

"लोखंड गंजू नये म्हणून अल्कली. कॉस्टिकसारखं..."

आणि मला दिसलं. अगदी डोळ्यांसमोर दिसलं. लोकर कॉस्टिकमध्ये गरम केली तर काय होतं? विरघळते! साबण होतो तिचा!

"बूच आत राहिलं होतं," मी म्हटलं. "एक बूच! चार दिवसांत नमदा विरघळला, चकती सैल झाली, आणि... आणि खाली गेली. म्हणून तोंडं मोकळी!"

"खाली, शेवटच्या वळणापर्यंत. तिथे आडवी अडकून बसली असेल. थोडं पाणी जातच होतं, आग मध्यम असेपर्यंत पुरलं. मंगळवारी थंडी वाढली, पूर्ण आग लावली, आणि पुरेना."

"पण पेटीत बारा आहेत!"

"ते बारावं कुणीतरी नंतर केलंय. पण त्याआधी मला ती चकती दाखवायचीय. बारा नळ्यांत बारा दोऱ्या सोडायच्या, टोकाला शिशाचं वजन. अकरा सारख्याच लांबीवर टेकतील." त्यांनी माझ्या खांद्यांकडे बघितलं. "ड्रमचं तोंड अरुंद आहे. तू मावशील."

मला लिफ्टमध्ये जायची भीती वाटते. हे तुम्हाला माहितीय. तरी मी हो म्हटलं, कारण कानात तो 'ना' होता.

५

दुपारी बारा. ड्रमचा मजला म्हणजे आठव्या मजल्याच्या उंचीवर, खाली बघवत नाही. तोंड म्हणजे भिंतीतलं अंड्याच्या आकाराचं भोक. झाकण आतल्या बाजूनं बसतं, आतल्या वाफेनं रेटलं की आणखी घट्ट व्हावं म्हणून. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

मी खिसे रिकामे केले. बूट काढून तोंडाशी ठेवले, टाचा बाहेर.

"आम्ही खाली जातो," रिम्मा बोरिसोव्ना म्हणाल्या. "वजन टेकलं की मला नळीवर हात ठेवून कळलं पाहिजे. दुलात, तुम्हीही चला, नळ्या मला दाखवा."

दुलात आगाय घुटमळले. "इथे कुणीतरी..."

"बूट आहेत ना," मीच म्हटलं.

आत शिरले. लोखंड थंड, मोजे ओले. डोक्यावर दिवा. दोन्ही बाजूंना वाफ वेगळी करायच्या पत्र्यांच्या रांगा, मधून सरपटायचं. माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. पहिलं तोंड. दोरी सोडली, टेकली, गाठ मारली. दुसरं. तिसरं. सहाव्यापर्यंत गाठी अगदी एकसारख्या.

सातवं तोंड मधल्या पत्र्यापलीकडे होतं. दोरी सोडली. टेकली. गाठ मारली आणि बाकीच्यांशी लावून बघितली.

हातभर तोकडी.

मी परत सोडली. परत हातभर तोकडी. मी नळीत तोंड घालून ओरडले, "सात! सातमध्ये आहे!" खालून काही ऐकू येतंय का म्हणून कान लावला. पंख्यांची घरघर. त्यातच मागे कुठेतरी पुरुषी आवाज आल्यासारखा वाटला. मी डोकं बाहेर काढलं.

ड्रमच्या तोंडाकडून येणारा उजेड बारीक होत होता. चंद्राला ग्रहण लागावं तसा. मग नुसती कोर. मग काहीच नाही. आणि नट आवळल्याचा आवाज, कर्र, कर्र.

मी किंचाळले. पत्र्यांमधून उलटी सरपटत गेले, कोपर सोललं, झाकणावर मुठी मारल्या. चार इंच पोलाद. माझ्या मुठी मलाच ऐकू येत नव्हत्या.

मग डोक्यावरच्या नळीत खुळखुळ झालं.

ड्रमच्या लांबीभर एक भोकांची नळी असते. नवं पाणी तिच्यातून येतं. त्या भोकांतून थेंब पडले, मग धारा. हातावर पडलं तसा हात मी ओढून घेतला. बॉयलर भरताना गरमच पाणी घालतात. वाफ उठायला लागली. दिवा धुरकटला. ते पाणी ड्रमच्या तळावरून वाहत बारा तोंडांत पडत होतं, आणि मला एवढंच कळत होतं की खालचं सगळं भरलं की ते वर येणार.

बूट आहेत ना. बूट आहेत ना. मी मोठ्यानं म्हणत होते.

आणि मग, देवानं सुचवलं असेल, मला रिम्मा बोरिसोव्नांचा हात आठवला. खाली, नळीवर ठेवलेला.

मी शिशाचं वजन मुठीत धरलं, जवळच्या पहिल्या तोंडाशी पालथी पडले आणि नळीच्या आतल्या बाजूवर मारत सुटले. टण टण टण टण. पाठीवर धार पडत होती, भाजत होतं. दुसऱ्या नळीवर. परत पहिल्या. रडत होते, मारत होते, मोजत नव्हते.

६

झाकण उघडलं ते दुलात आगायनी. आठ मजले धावत आले होते, छप्पन्न वर्षांचे, ओठ निळे. त्यांनी मला काखेत धरून बाहेर ओढलं आणि जमिनीवर बसून स्वतःच्या कोटात गुंडाळलं. पाणी कुणीतरी बंद केलं होतं.

गेना समोर उभा, पाना हातात, चेहरा पांढरा.

"बूट नव्हते," तो पुटपुटत होता. "शपथ सांगतो, बूट नव्हते. मी ओरडलो पण, 'कोणी आहे का?' बूट असते तर मी हात लावला असता का? कारिंदाश, बूट नव्हते गं!"

माझे बूट सहा पावलांवर होते. खांबामागे, एकावर एक पडलेले.

मार्लेन म्हणाला, "अहो, ते बूट होय? वाटेत कुणाचे तरी पडले होते. मी पायानं बाजूला सारले. मला काय माहीत ही पोरगी आत आहे? मी गेनाला बोलावलं, म्हटलं लाव झाकण, भरायला घ्या, चार वाजता पेटवायचंय. चूक झाली, मान्य. पण इथे बूट कोण ठेवतं?"

गेना त्याच्याकडे असा बघत होता, जसं काही पहिल्यांदाच बघतोय.

रिम्मा बोरिसोव्ना जिना चढून आत्ता पोचत होत्या. धापा टाकत शेवटच्या पायरीवरच बसल्या.

"मार्लेन तालगातोविच," त्या म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये तुम्ही आत गेला होतात. कागदावर सही आहे."

"गेलो होतो."

"तुमचे बूट कुठे ठेवले होते?"

"माझे... पायातच होते. कुठे ठेवणार?"

दुलात आगायच्या तोंडून आवाज निघाला, कुणी पोटात मारल्यासारखा.

"पायात," रिम्मा बोरिसोव्ना म्हणाल्या. "गेना तुम्हाला बूट घालून आत जाऊ देईल, असं तुम्हाला वाटतं. या तोंडातून एकदा जरी आत गेलेला माणूस, इथले बूट आयुष्यात हलवणार नाही. तुम्ही आत गेलाच नाहीत. मोजत होतात, फोन वाजला, अकराला बारा म्हणालात, आणि न बघता सही केली."

"पेटीत बारा आहेत!"

"अकरा आणि एक. नंतर कधीतरी पेटी उघडलीत आणि घाम फुटला तुम्हाला. बॉयलर थांबवून आत बघायचं, तर खोटी सही उघडी पडणार. मग एक नवं बूच केलंत आणि जुनं दिसावं म्हणून त्याला काजळी फासलीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांग आता. ड्रमच्या आत काजळी कुठून येते?"

"येतच नाही," मी म्हटलं. दात वाजत होते माझे. "काजळी नळ्यांच्या बाहेर, आगीच्या बाजूला असते. आत फक्त पाणी आणि वाफ. आत गंज असतो. लाल."

"दुलातनी केलं असतं तर गंज लावला असता. गेनानं सुद्धा. बॉयलर आतून काळा असतो असं या तिघांत फक्त एकालाच वाटू शकतं, ज्यानं तो आतून कधी पाहिलाच नाही."

मार्लेन खाली बसला, त्या घाणीत, त्या स्वच्छ पँटीत. "मला वाटलं, असेल गोदामातच कुठेतरी," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज काही होईल. झालं नाही की वाटायचं, मग आत नसेलच."

"रोज वाटायचं?" गेना म्हणाला. "आणि रोज बेइबितला त्या दारासमोरून पाठवायचास?"

दुलात आगायनी गेनाच्या हातातला पाना काढून घेतला.

मार्लेनला मला मारायचं नव्हतं हो. मी आत आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याचीच मला आजही सगळ्यात जास्त भीती वाटते.

७

सातव्या नळीचं खालचं वळण कापलं. चकती तिथेच होती, कडीसकट, आडवी. नमद्याचा एक धागा सुद्धा नाही. शुक्रवारी दुपारी नवा तुकडा जोडला, बाराही दोऱ्या सारख्या टेकल्या. फलकावरचा कागद काढला आणि आकेंना बोलावणं आलं.

पेटवताना त्यांनी मला ड्रमच्या मजल्यावर नेलं. काचेची तोटी उघडून वाफ सोडली, बंद केली. पाणी चढलं, हललं, थांबलं.

"बघ गं," ते म्हणाले. "किती आहे?"

"अर्धी काच, आके."

"परत बघ."

"अर्धी."

मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले कोळशाची धूळ फार आहे इथे.

सोमवारी बेइबितच्या सातव्या दिवसाचं जेवण होतं. आके दफनाला गेले नव्हते, कुठल्या तोंडानं जाणार होते? आता गेले, मी बरोबर. दारात बुटांचा ढीग. आकेंनी आपले काढले आणि तसेच उभे राहिले, मोज्यांवर, आत पाऊल टाकेनात. बाहेर उणे अडतीस, बुटांवर बर्फ.

बेइबितची आई आतून आली. आकेंकडे बघितलं. खाली वाकली आणि तिनं त्यांचे बूट उचलले.

माझं काळीज थांबलं. खरंच सांगते. बूट कुणी हलवले की मला अजून तसं होतं.

ती ते बूट घेऊन आत गेली, खिडकीखालच्या रेडिएटरवर हात ठेवून बघितला, आणि दोन्ही बूट त्याला टेकवून नीट उभे केले.

"गरम होऊ देत," ती म्हणाली. "तोवर बसा."